सव्वा पेला पाणी

९ जानेवारी

धाकट्या,

फोनवर माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र विचारत नाही, उचलतोस का म्हणून. ते दारात येऊन पडतं, आणि पायानं का होईना, तुला बाजूला करावं लागतं. तेवढं झालं तरी माझं काम झालं.

आशीर्वाद शेवटी देईन. वाचून झाल्यावर हवेसे वाटले तर घे.

अक्षर बघून दचकू नकोस, तुझ्या आईला या वयात अक्षर फुटलेलं नाही. मी बोलतेय आणि शिंपीण लिहितेय. आपल्याच गल्लीतली. हो, तीच, जिचा नवरा ऑगस्टात पुलावरून वाहून गेला. मी पोस्टमनला सांगणार होते, तर ही म्हणाली, "मी लिहिते, आजी. तुम्ही त्याला काय सांगता ते मलाही ऐकायचंय." आता हिला कोणत्या तोंडानं नाही म्हणू? तेव्हा मला जे सांगायचंय ते तिच्या हातातून येणार. तू जरा सरळ बसून वाच.

मागच्या आठवड्यात चौकशीसाहेब येऊन गेले. माणूस वाईट नाही, पण खुर्चीत बसला की तो गप्प होतो आणि खुर्ची बोलायला लागते. त्यांनी तुझा जबाब वाचून दाखवला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा कागद चुकून माझ्यापुढे आला. "हवामान केंद्राचे राखणदार, म्हणजे माझे वडील, वयोमानामुळे पर्जन्यमापकाचं नरसाळं वेळेवर साफ करत नसत. पाल्यानं नरसाळं तुंबलं असावं, त्यामुळे त्या दिवशी पाऊस कमी नोंदला गेला आणि पुलावरचा भोंगा वाजला नाही."

असावं! बापाबद्दल बोलताना तुझ्या तोंडी 'असावं' आलं. खात्यानं तुला एवढा नम्र केला?

अरे, त्या यंत्राला मी उगाच सवत म्हणत नव्हते. बावीस वर्षं ती माझ्या परसात कुंपण घालून उभी आहे आणि बावीस वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी हा माणूस तिच्याकडे जायचा. आधी नरसाळं, ते रंगाऱ्याच्या मऊ ब्रशनं. मग तापमापीच्या त्या पांढऱ्या खुराड्याच्या फटींतली कोळिष्टकं. मग वाऱ्याच्या तीन वाट्या बोटानं फिरवून बघायच्या, कुठे अडत तर नाहीत. आणि उन्हापासून वीज करणारी ती काळी पाटी पुसायची धुतलेल्या हातरुमालानं. माझ्या चष्म्याची काच त्यानं जन्मात पुसली नाही. सवतीचं नरसाळं तुंबू देणारा तो माणूस नव्हता, हे तुलाही माहीत आहे. लहानपणी त्याच ब्रशला हात लावलास म्हणून तुला दोन धपाटे बसलेले आहेत.

फेब्रुवारीच्या शेवटी साहेब माझा जबाब घ्यायला परत येतील. मग फाइल बंद. तिच्यात जे राहील तेच तुझ्या बाबांबद्दलचं शेवटचं बोलणं. नोव्हेंबरात ते गेले, त्यांना आता कुणी विचारणार नाही. मला विचारतील.

त्याआधी तुझा जबाब मागे घे. एवढंच.

आई

(शिंपीण म्हणते, आशीर्वाद राहिले. म्हटलं, राहू देत.)


२३ जानेवारी

धाकट्या,

तुझं पाकीट आलं. जाड होतं. मला वाटलं, पोरगं पाघळलं, चार पानं लिहिलीत. शिंपिणीला हातातली कात्री टाकायला लावून बोलावून आणलं. आत निघाला टाइप केलेला कागद, माझ्या नावानं आधीच लिहिलेला जबाब, आणि खाली पेन्सिलची फुली. अंगठा कुठे द्यायचा ते कळावं म्हणून! किती काळजी रे आईची.

वर तुझी चिठ्ठी. "आई, फुलीवर अंगठा दे. बाबा आता नाहीत, त्यांचं काय बिघडणार आहे? माझी नोकरी आहे, दोन पोरं आहेत."

शिंपिणीनं हे सगळं मला वाचून दाखवलं. मापं वाचते ना, छाती अमुक, बाही तमुक, तशा आवाजात. तुझ्या कागदात तिच्या नवऱ्याचा उल्लेख एकदाच आहे, "एका इसमाचा मृत्यू". ती तिथे थांबली नाही. मीच थांबले. म्हटलं, "ए, परत वाच." तिनं परत वाचलं. दुसऱ्यांदाही तो इसमच निघाला.

बरं, या जबाबात मी म्हणे सांगते की "माझे पती बऱ्याचदा विसरत असत." विसरत ते, नाही कुठे म्हटलं मी? माझा वाढदिवस विसरत, किल्ली विसरत, एकदा तर मलाच दवाखान्यात विसरून घरी आले होते. पण यंत्राचं काही विसरल्याचं मला आठवत नाही. मोजणीचा दिवस तर नाहीच.

मोजणी तुला मी काय शिकवणार, तूच आम्हाला शिकवलीस. पण शिंपीण विचारतेय, तर तिच्यासाठी सांगते आणि तूही ऐक. नरसाळ्याखाली एक छोटी डोलती वाटी असते, दोन बाजूंची, सी-सॉसारखी. एक बाजू भरली की टक करून कलंडते, दुसरी वर येते. प्रत्येक टक म्हणजे ठरलेला पाऊस. यंत्र टक मोजतं आणि वर खात्याला कळवतं. आता यंत्र नीट मोजतंय की नाही हे कसं कळणार? तर बरोबर एक लिटर पाणी, तळाला बारीक भोक पाडलेल्या डब्यातून, पाऊण तासभर थेंब थेंब सोडायचं. एकशे पंचवीस टक व्हायला हव्यात. कमी झाल्या तर वाटीखालचे स्क्रू पिळून ती ताळ्यावर आणायची, आणि ते काम खात्याच्या माणसाचं. म्हणजे तुझं.

तुला यायला जमेनासं झालं तसे पाणी बाबा सोडायला लागले आणि टक मी मोजायला लागले. मला आकडे लिहिता येत नाहीत, पण पाच टकांना एक बटण मी बाजूला सरकवायची. पंचवीस बटणं म्हणजे हिशेब चोख. ती बटणं शिंप्यानंच दिलेली, विजोड, कुठल्या सदऱ्याला न लागणारी. मग बाबा वहीत लिहायचे आणि फोनवर तुला सांगायचे. फॉर्मवर तू लिहायचास, "स्वतः जाऊन तपासले."

म्हणजे कुणाचं नरसाळं कुठे तुंबलं होतं, बघ.

साहेब म्हणतात, राखणदाराच्याच वहीत मे महिन्यात एकशे पंचवीस लिहिलंय. म्हणजे मेमध्ये यंत्र ठीक होतं. म्हणजे ऑगस्टात पालाच अडकला असणार. मेमध्ये एकशे पंचवीस टक वाजल्या, हे खरं आहे. मी स्वतः मोजल्या.

मेचं पुढच्या वेळी. शिंपिणीची मशीन खोळंबलीय.

तुझा कागद मी घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलाय. आता टेबल हलत नाही. खात्याच्या कागदानं कुणाला तरी आधार मिळाला.

आई


२ फेब्रुवारी

धाकट्या,

काल चौकशीपुरती तुझ्या जागी आलेली नवी यंत्रबाई येऊन गेली. तुझ्याहून बुटकी, आणि शिडीवर तुझ्याहून भराभर चढते. साहेब होते. पुरानंतर त्यांनीच लावलेलं सील त्यांनीच तोडलं. कुंपणाच्या बाहेर शिंपीण उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बाईनं आधी नरसाळं काढून उजेडात धरलं. आत दोन सुक्या मुंग्या. म्हणाली, "याला तुंबणं म्हणत नाहीत." मग तळवा फिरवून म्हणाली, "हे रोज साफ होत होतं. कडेला ब्रश फिरल्याच्या खुणा आहेत." मला म्हातारा आठवला आणि मी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

मग पाणी सोडलं. मी जुन्या सवयीनं ओट्यावर बटणं घेऊन बसले. साहेब म्हणाले, "आजी, यंत्र स्वतः मोजतंय की." म्हटलं, "यंत्रानं मोजलेलं तुम्ही सहा महिने वाचताय. आता जरा माझं बघा."

एकोणीस बटणं आणि वर दोन टक. सत्त्याण्णव.

यंत्राच्या डब्यातही सत्त्याण्णवच. बाईनं वाटी बोटावर घेतली. पाण्याच्या क्षाराचा थर चढलेला, आणि एका बाजूचा स्क्रू सैल होऊन खाली गेलेला. वाटी जास्त पाणी घेऊन मग कलंडत होती, म्हणून टक कमी. तिनं तिथेच गणित केलं. त्या दुपारी तासाभरात यंत्रानं एक्केचाळीस मिलिमीटर दाखवले होते. खरे होते त्रेपन्न. पन्नासला भोंगा वाजतो आणि पुलाचा अडसर खाली येतो.

सवतीच्या वाऱ्याच्या वाट्या तेवढ्या भिरभिरत होत्या. तिला काय.

साहेब म्हणाले, "पण मेमध्ये वहीत एकशे पंचवीस आहे. स्क्रू नंतर सैल झाला असेल."

बाई म्हणाली, "साहेब, हा थर तीन महिन्यांत चढत नाही. मेमध्ये एकशे पंचवीस येणं मला तरी अवघड दिसतंय." आणि वळून माझ्याकडे बघितलं. "आजी, तेव्हा मोजायला कोण होतं?"

"मी."

"आले एकशे पंचवीस?"

"आले."

खोटं नाही बोलले. आलेच होते.

शिंपीण कुंपणाची तार धरून उभी होती. आता ती समोर बसून हेच लिहितेय आणि मान वर करत नाहीये. तू हे वाचशील तेव्हा तूही मान वर करू नकोस, सोबत होईल तिला.

आई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

गुडघे दुखतात. मांजरीला पिल्लं झाली, त्यातलं एक तुझ्यासारखं आहे, दूध पितं आणि पळतं. परसातला नळ गळतोय.

शिंपीण म्हणते, "आजी, आज मुद्द्याचं बोला. मला कापड कापायचंय."

बरं.

मेमधली ती दुपार. बाबांनी एक लिटर सोडलं. मी मोजलं. एकोणीस बटणं आणि वर दोन. तेव्हाही सत्त्याण्णवच होते. तुला फोन लावला. तू कुठेतरी वर चढला होतास, मागे वारा वाजत होता. बाबा म्हणाले, "सत्त्याण्णव आलेत रे, तुला यावं लागेल." तू म्हणालास, "बाबा, सोमवारी रिपोर्ट द्यायचाय. मला पंधरा दिवस श्वास घ्यायला फुरसत नाही. नीट मोजा. एकशे पंचवीसच यायला हवेत." आणि ठेवून दिलास.

जास्त पाणी ओता, असं तू म्हणाला नाहीस. तुझ्या पदरात मी तेवढं घालते.

बाबांनी परत मोजलं. परत तेच. ते ओट्यावर बसले, रिकामा डबा मांडीवर घेऊन. म्हणाले, "पोराला बोलणी बसणार." तुला ते किती जपायचे ते तुला कधी कळलं नाही, कारण ते जपणं तुझ्या समोर येऊन बोलत नव्हतं.

तेव्हा मी उठले. माठातलं पाणी घेतलं आणि म्हटलं, "अहो, त्याला एकशे पंचवीस हवेत ना? मग होऊ देत की. सोडा अजून थोडं."

म्हणाले, "अगं, ही फसवणूक आहे."

म्हटलं, "कुणाची? या पत्र्याच्या बाईची? तिला काय कळतंय? पंधरा दिवसांनी पोरगा येऊन स्क्रू पिळेल." मी हसले सुद्धा. सवतीला फसवायची संधी बावीस वर्षांत पहिल्यांदा मिळाली होती.

त्यांनी हात पुढे केला नाही. डब्यात पाणी मी ओतलं. पंचविसावं बटण सरकेपर्यंत ओतलं. मला आकडे लिहिता येत नाहीत, पण लिटर म्हणजे किती ते कळतं, आणि त्यावर किती गेलं तेही कळत होतं. न कळल्याचं सोंग मी आतापर्यंत केलं. माझ्यासारख्या अडाणी बाईवर ते लोकांना खपतं.

तू पंधरा दिवसांनी आला नाहीस. जूनमध्ये नाही, जुलैत नाही.

आणि ऑगस्टातली दुपार. पाऊस असा की समोरचं कुंपण दिसेना. बाबा दारात कान देऊन उभे. म्हणाले, "टक कमी वाजतेय. इतक्या पावसाला ही अशी वाजत नाही." त्यांनी तुला फोन लावला. तुझ्या ऑफिसातल्या पडद्यावर एक्केचाळीस, आणि पुलाचा अडसरही तिथूनच पाडता येतो. बाबा म्हणाले, "तो आकडा खोटा आहे, पूल बंद कर." तू काय म्हणालास ते मला फोनच्या बाहेरही ऐकू आलं. "बाबा, मेमध्ये तुम्हीच एकशे पंचवीस दिलेत ना? मग?"

त्यावर बाबांनी माझ्याकडे बघितलं, पण माझं नाव घेतलं नाही. उत्तर माझ्याकडे होतं आणि मी शेजारी उभी होते. मी तोंड उघडलं नाही. फोन हातात घेऊन एक वाक्य बोलले असते, तर तू अडसर पाडला असतास. पण ओतणारी मी, हे पोराला कळेल म्हणून लाजले. बाबा तसेच छत्रीशिवाय पुलाकडे पळत गेले. पोचले तेव्हा शिंप्याची सायकल कठड्याला अडकलेली होती आणि कापडाचा गठ्ठा पाण्यावर उलगडत चालला होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नंतर नोव्हेंबरपर्यंत ते माझ्याशी जेवायला वाढ आणि दिवा लाव यापलीकडे बोलले नाहीत.

शिंपिणीनं मध्येच पेन खाली ठेवलं होतं.

आता तिनं पेन उचललं. विचारतेय, "किती ओतलंत, आजी?"

सव्वा पेला.

"सव्वा पेला," ती म्हणाली. तिचं हे म्हणणं मी तिला लिहायला लावलं. तिनं लिहिलं.

आई


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

अक्षर बदललंय. पोस्टमन लिहितोय. स्वतःच लिहिणार, स्वतःच शिक्का मारणार, आणि तरीही पत्र उशिरा पोचणार. म्हणतो, "आजी, हे लिहायचं का?" लिही की.

मागचं पत्र शिंपिणीनं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पेटीत टाकलं, तेव्हा ते तुला मिळालंय. तू फोन केलास. बावीस वेळा वाजला म्हणे. शेजारी राहणारी पोस्टमनची बायको मोजत होती. मी उचलला नाही. कसं वाटतं ते तुलाही कळू दे.

काल साहेब आले. मी सगळं सांगितलं, तुझ्या फोनसकट, माझ्या पेल्यासकट, बाबांच्या वहीसकट. साहेबांनी लिहिणाऱ्याला थांबवलं. म्हणाले, "आजी, तुमच्या यजमानांवरचा पाल्याचा ठपका यानं जाईल, पण खोट्या नोंदीचा बसेल. म्हणजे सुटका नाहीच त्यांची."

म्हटलं, "सुटका कोण मागतंय? दोष असू दे, पण त्यांचाच असू दे. नरसाळ्याचा त्यांचा नव्हता. वहीचा होता. तो लिहा."

"आणि हा मुलाविरुद्ध जातो, कळतंय ना?"

"माझ्याविरुद्ध जातो. मुलगा वाटेत उभा होता."

यंत्रबाई खिडकीशी होती, ती बाहेर बघायला लागली. मी साहेबांकडून सगळं परत वाचून घेतलं. एका ठिकाणी त्यांनी "अनवधानाने अधिक पाणी" असं घातलं होतं. विचारलं, अनवधान म्हणजे काय? म्हणाले, लक्ष नसताना. म्हटलं, खोडा. पूर्ण लक्ष होतं. दुसऱ्या ठिकाणी "एक इसम" होता. तोही खोडायला लावला आणि शिंप्याचं नाव घालायला लावलं, त्याच्या बापाच्या नावासकट. मग अंगठा दिला. फुली नव्हती, मला जागा सापडली.

तुला नोटीस येईल. आली असेल. नोकरीचं काय होईल ते मला साहेबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पोरांना सांग, आजीनं केलं. त्यांना कुणावर तरी रागवायला लागेल, तर माझ्यावर रागवू देत. मी लांब आहे आणि जुनी आहे, मला सोसेल.

शिंपीण त्या दिवसापासून येत नाही. तिच्याकडे माझा एक झगा शिवायला होता, तो तिनं कुणाच्या तरी हाती परत पाठवला. शिवून, इस्त्री करून. न शिवता पाठवला असता तर बरं वाटलं असतं.

मी रोज दुपारी जेवण झालं की तिच्या दाराशी जाते. दार बंद असतं, आत मशीन चालू असते. मी पायरीवर बसते. ती मशीन थांबवत नाही आणि मी हाक मारत नाही. ऊन पायावर आलं की उठते. आज सोळावा दिवस. आज मशीन मध्येच थोडी थांबली होती. दोरा तुटला असेल.

तेव्हा तू कधी आलास आणि दुपार असली, तर घराला कुलूप दिसेल. शेजारी विचारू नकोस. शिंपिणीच्या दाराशी ये. पायरी रुंद आहे, दोघांना पुरते. बोलायचं काही नाही. नुसतं बसायचं.

आई